तीन वाजताच्या वर्गाच्या गिलबाई

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या क्रीडा केंद्राचे संचालक माननीय श्री. यांग दो-हून, नगरपालिकेतून मुद्दाम वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या श्रीमती सा जू-रान, व्यासपीठावर अवघडून बसलेल्या आणि मघापासून माझ्याकडे 'आटोपतं घे' अशा नजरेनं पाहणाऱ्या आमच्या पोहण्याच्या शिक्षिका गिलबाई, त्यांच्या घरची मंडळी, आणि सकाळच्या, संध्याकाळच्या नि आमच्या दुपारच्या वर्गातले सगळे ओले-कोरडे सोबती,

सर्वांना माझा वाकून नमस्कार.

मी मो चुन-जा. जुन्या बंदरामागच्या बाजारात माझी सार-भाताची खानावळ आहे. आदल्या रात्रीची दारू उतरवायला इथल्या पुष्कळ मंडळींनी माझ्याकडे येऊन सोयाबीनच्या मोडांचं गरम सार प्यायलेलं आहे. नावं घेत नाही. व्यासपीठावरचीही घेत नाही. मला भाषणाची सवय नाही. पण वर्गानं एकमतानं ठरवलं की चुन-जाताईनंच बोलायचं, कारण तिचा आवाज मोठा आहे. बाजारात ओरडून ओरडून कमावलेला आवाज एखाद्या दिवशी अशा सभागृहात कामी येईल, असं मला तरी कुठं वाटलं होतं?

बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी आधी आमच्या वर्गाची ओळख करून देते. सकाळी पोहतात ते कचेरीत जाणारे लोक. संध्याकाळी पोहतात ते कचेरीतून सुटलेले लोक. आणि दुपारी तीनला पोहतो ते आम्ही, म्हणजे ह्या सगळ्यांना जेवू घालणारे, पोचवणारे, त्यांचे कपडे धुणारे. जेवणाची गर्दी ओसरलेली असते, रात्रीची अजून यायची असते, त्या फटीतली माणसं. आपल्या गुनसान शहरात अशी फटीतली माणसं किती आहेत, हे गिलबाईंच्या आधी कुणी पाहिलंच नव्हतं. त्यांनी पाहिलं, कारण त्या वेळी त्यांना स्वतःला जेवायची सवड मिळायची.

त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या तेव्हा दार अर्धं ओढलेलं होतं. आमचे हे, म्हणजे श्री. सोक गी-बोक, आतल्या खोलीत घोरत होते आणि मी टेबलावर डोकं टेकून पडले होते. गालाला टेबलाच्या प्लास्टिकची नक्षी उमटलेली. ट्रॅकसूट घातलेली, केस ओले असलेली एक बाई दारातून आत डोकावली.

"बंद आहे का?"

"बंदच आहे, पण सार गरम आहे. बसा."

जेवता जेवता त्या माझ्याकडे बघत होत्या. मी उठताना टेबलाला हात लावला, वळताना कंबरेला हात लावला, भांडं उचलताना तोंडानं 'आई गं' म्हटलं, सगळं बघत होत्या. मग म्हणाल्या, "ताई, व्यायाम काय करता?"

मला हसूच आलं. मी म्हटलं, "बाई, पहाटेपासून उभी आहे. तापलेली मातीची भांडी उचलते, तांदळाची पोती ओढते, ह्या टेबलापासून त्या टेबलापर्यंत पळते. आणखी कसला व्यायाम?"

"आणि संध्याकाळी अंग कसं वाटतं?"

"कसं वाटणार? मेल्यासारखं."

"व्यायाम केल्यावर माणसाला मेल्यासारखं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "ही तुमची हालचाल भांड्यांसाठी झाली. अंगासाठी कधी हलता?"

मी त्यांना आणखी कोबीची आंबट किमची वाढली. उत्तर नसलं की आम्ही खानावळवाले वाढतो.

मंडळी, मी काही लगेच गेले नाही. महिनाभर गेले नाही. बाई मात्र येत राहिल्या, जेवत राहिल्या, आणि त्या बाजारातल्या आणखी चारदोन दुकानांतही जेवल्या. माझी खात्री आहे, आमचा वर्ग जमवण्याच्या नादात त्यांचं वजन वाढलं असणार. शेवटी एकदा मी घरी विषय काढला. आमच्या घरी विषय काढायचा म्हणजे सासूबाईंसमोर काढायचा.

सासूबाई शेंगा सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "पोहायला? तुला बुडायला जागा कमी आहे का कामात?"

हे म्हणाले, "अगं, तीन ते पाच हीच काय ती झोपायची वेळ. तीही घालव. मग रात्री भांडी कोण घासणार?"

"मीच घासणार. आत्ता कोण घासतं?"

त्यावर हे उठून आतल्या खोलीत गेले. सासूबाई मात्र बोलायच्या थांबल्या नाहीत. मी पोहण्याचे कपडे आणले तेव्हा त्यांनी ते दोन बोटांत धरून उजेडात बघितले आणि म्हणाल्या, "या वयात सून बेडूक झाली."

पुढं कितीतरी वर्षं घरात माझं नाव बेडूकच होतं. 'बेडूक आली का?' 'बेडकीला सांग, मीठ संपलंय.'

पहिल्या दिवशी बाईंनी आम्हाला भिंतीला धरून उभं केलं. नाक पाण्याखाली, 'उम्'. तोंड वर, 'पा'. उम्, पा. उम्, पा. ज्यांची मुलं कॉलेजात शिकतात अशा आम्ही बायका, आणि शहर बस चालवणारे आमचे कू जे-दाल भाऊ, त्यांच्या आवाजाला तर अख्खा बसथांबा दचकतो, सगळे एका ओळीत उम्-पा करत होतो. कू भाऊंनी इतक्या जोरात 'पा' केलं की पलीकडच्या पट्ट्यातल्या आजींची टोपी भिजली.

आता तुम्हाला वाटेल, मग गाडी सुरू झाली आणि चुन-जाताई रोज पोहू लागली. नाही हो. खरं सांगायचं तर नियमित असणं हे पोहण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. पोहायला दोन महिन्यांत येतं. रोज जायला कुणाला किती वर्षं लागतात ते तुम्ही स्वतःलाच विचारा. आज मोडांची टोपली उशिरा आली. आज तळघरात पाणी शिरलं. आज पर्यटकांची बस येणार आहे. आज नुसताच कंटाळा आलाय, पण त्याला 'डोकं दुखतंय' हे नाव. कारणांना तोटा नव्हता, आणि त्यांतलं एकही कारण खोटं नव्हतं. हीच तर अडचण आहे. खोट्या कारणांना माणूस लाजून तरी सोडतो, खरी कारणं कशी सोडायची?

बाई कुणाला रागावल्या नाहीत. त्यांनी एकच नियम केला. ज्याला पोहायला वेळ नाही त्यानं कपडेसुद्धा बदलू नयेत, नुसतं यावं, काठावर बसावं, पाय पाण्यात सोडावेत आणि जावं. पण यावं. आम्हाला आधी गंमत वाटली. मग एका दुपारी कू भाऊंची बस उशिरा पोचली, पुढची फेरी लगेच होती. ते गणवेशातच आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, पाय पाण्यात सोडले, बायकोनं दिलेली भाताची गुंडाळी खाल्ली, पाय पुसले आणि गेले. आम्ही पोहता पोहता थांबून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ते पोहायला आले. तो नियम केवढा खोल होता ते मला तेव्हा कळलं नाही. अंगाला व्यायाम नाही मिळाला तरी चालेल, पण ती वेळ आपली आहे हे विसरता कामा नये, एवढंच बाई आम्हाला शिकवत होत्या.

संचालकसाहेब, आपण घड्याळाकडे पाहिलंत ते मी पाहिलं. मुद्द्यावरच येते आहे.

तीन वर्षांपूर्वी, हिवाळ्याच्या तोंडाला, किमची घालायच्या दिवसांत, आमचे हे चुलीपुढं उभे होते. मी कोबी धूत होते. पळी खाली पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "अहो, उचला की." त्यांनी उचलली नाही. ते पळीकडे बघत उभे होते. जणू ती कुणा दुसऱ्याची पळी होती. मग त्यांचा ओठ एका बाजूनं ओघळला.

पुढचं सांगत बसत नाही. ज्यांच्या घरी हे झालं आहे त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांच्या घरी झालेलं नाही त्यांच्या घरी ते कधी होऊ नये. जीव वाचला. उजवी बाजू गेली. दोन शब्द बोलायला चार वेळा तोंड उघडावं लागे.

मग माझा दिवस असा झाला: पहाटे खानावळ, दुपारी इस्पितळ, संध्याकाळी पुन्हा खानावळ, रात्री सासूबाईंचं जेवण-औषध. पोहणं सुटलं. सुटणारच. नवरा अंथरुणावर असताना कुठली बाई टोपी घालून पाण्यात उतरेल? ह्यात ठरवण्यासारखं काय होतं? मला तर पोहण्याची आठवणही झाली नाही.

गिलबाईंना झाली. त्या पेज घेऊन इस्पितळात आल्या. यांच्याजवळ बसल्या, चौकशी केली, आणि निघताना व्हरांड्यात माझा हात धरून म्हणाल्या, "चुन-जाताई, तीनला यायला लागा."

मी त्यांचा हात झटकला. म्हटलं, "बाई, मी कुठं बसलेय ते तुम्हाला दिसतंय ना? आत माझा नवरा स्वतःचं नाक पुसू शकत नाही. आणि मी हातपाय मारायला येऊ?"

"म्हणूनच या."

"तुम्हाला घर नाही, संसार नाही, म्हणून तुम्हाला सुचतं हे!"

बाईंना दोन मुलं आहेत, समोरच बसली आहेत. रागात माणसाला काय वाटेल ते सुचतं. पेजेचं भांडं परत न्यायला मी येईन, एवढंच म्हणून बाई गेल्या. आजही मला वाटतं, माझा राग बरोबर होता. त्या दिवशी तरी त्यांनी ते बोलायला नको होतं. दोन बरोबर माणसांचंही कधी कधी भांडण होतं.

त्यानंतर आठवडाभरानं झालेली गोष्ट. यांना पलंगावरून चाकांच्या खुर्चीत बसवायचं होतं. नर्सला हाक मारायची सोडून मी म्हटलं, रोज पोती ओढणारी मी, हे किती जड असणार? काखेत हात घातले, उचललं, आणि माझ्या कमरेत असं काही तुटल्यासारखं झालं की मी खाली, आणि माझ्या अंगावर हे. पलंग आणि खुर्ची यांच्या मधल्या जागेत आम्ही नवराबायको आडवे. मला हलता येईना, यांना हलता येत नव्हतंच. यांचा चेहरा माझ्या खांद्यावर. त्यांना रडू येत होतं की हसू, ते त्या वाकड्या तोंडावरून कळत नव्हतं.

सासूबाई खिडकीपाशी संत्रं सोलत बसल्या होत्या. त्यांनी संत्रं खाली ठेवलं, हात पुसले, काठी घेतली आणि आमच्या डोक्याशी येऊन उभ्या राहिल्या.

"झालं?" त्या म्हणाल्या. "आता दोघांना मी उचलू?"

मी खालूनच म्हटलं, "आई, नर्सला बोलवा."

"बोलावते. पण आधी ऐक. तुझी कंबर गेली तर हा जाईल, हा गेला तर मी जाईन. ह्या घराचा खांब आता तूच आहेस, आणि खांबालाच वाळवी लागलीये. उद्यापासून त्या बेडकांत जा. तीन ते पाच मी इथं बसते."

"तुम्ही? तुम्हाला बसवत नाही अर्धा तास."

"मग आडवी पडेन. पलंग मोठा आहे. माझाच मुलगा आहे तो. लहानपणी निजलेय की त्याच्या शेजारी."

आणि मंडळी, माझ्या खांद्यावरून, चार वेळा तोंड उघडून, आमचे हे म्हणाले, "जा… की… गं."

तीन ते पाच ही आपली झोपायची वेळ म्हणून हटून बसणारा माणूस.

मी गेले. कंबर सरळ व्हायला काही दिवस गेले, मग गेले. बाईंनी पाहिलं आणि शेवटच्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. मी पाण्यात उतरले आणि एक लांबी जाता जाता धापा टाकायला लागले. सगळं विसरले होते, उम्-पासुद्धा. पण त्या तासाभरात मला कुणी हाक मारली नाही. कुणाला सार नको होतं, कुणाला औषध नको होतं. सुरुवातीला त्याचीच भीती वाटली, खरं सांगते. आपल्यावाचून कुणाचं अडलेलं नाही, हे बाईमाणसाला फार दिवसांनी कळलं की पायाखालची फरशी सरकते. मग हळूहळू बरं वाटायला लागलं. वर्ग संपल्यावर बाईंनी मला काठावर उभं करून माणूस उचलायचा कसा ते दाखवलं. कू भाऊंना आडवं पाडून त्यांनाच उचलायला लावलं. गुडघे वाकवा, पाठ सरळ, जोर मांड्यांतून. कू भाऊ काही हलके नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी यांना एकटीनं खुर्चीत बसवलं, आणि मला काही झालं नाही.

हे फुकट मिळालं असं समजू नका. तीन ते पाच मी नाही, आणि संध्याकाळी मला इस्पितळात परत जायचं, म्हणून रात्रीची खानावळ बंद केली. दारावर पाटी लावली. रात्री येणारी जुनी गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली, काही परत आलीच नाहीत. पर्यटकांची बस समोरच्या दुकानापुढं थांबायला लागली. आणि लोक बोलले. बाजार म्हटल्यावर बोलणारच. वाळवलेली मासळी विकणाऱ्या एक मावशी मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "नवरा अंथरुणावर, आणि ही बघा, ओले केस घेऊन फिरतेय."

मी मान खाली घातली. पण सासूबाई सोबत होत्या. त्यांनी काठी मासळीच्या टोपलीवर टेकवली.

"हो, फिरतेय. मीच पाठवते. तुम्ही येता का रोज दुपारी माझ्या मुलाला उचलायला? वेळ आहे तुम्हाला, दिसतंय मला."

मावशींनी त्या दिवशी आम्हाला मासळी स्वस्त लावली. आज त्या आमच्या वर्गात आहेत. तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, लाल स्वेटर. मावशी, रागावू नका, तुम्हीच म्हणाला होतात सांग म्हणून.

हे घरी आले ते वसंतात. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर बाईंनी आणि कू भाऊंनी त्यांना इथं आणलं. यांना पाणी अजिबात आवडत नाही. बंदराच्या गावात जन्मून ज्यानं कधी घोट्याच्या वर पाणी लागू दिलं नाही, असा हा माणूस. काठावर बसवून पाय पाण्यात सोडायला लावले, तर तोंड असं केलं की जणू कुणी त्यांना सारात शिजवतंय. कितीतरी दिवस ते नुसते तसेच बसले. बाई शेजारून जाताना एवढंच म्हणायच्या, "आलात? बरं झालं." मग एका दुपारी ते आपण होऊन कू भाऊंचा दंड धरून चालण्याच्या पट्ट्यात उतरले. छातीएवढं पाणी. जमिनीवर जो पाय ओढावा लागतो, तो पाण्यात थोडा उचलला जात होता. त्या दिवशी ते पट्ट्याच्या टोकापर्यंत गेले आणि तिथून मला हाक मारली. माझं नाव घेऊन मारली. मी दुसऱ्या टोकाला होते. मी 'पा' करायचं विसरले आणि पाणी प्याले.

चमत्कार झाला नाही, मंडळी. अशा समारंभात लोक चमत्कार सांगतात, मी खोटं सांगणार नाही. यांचा उजवा हात परत आला नाही. काड्यांनी जेवता येत नाही, डाव्या हातानं चमच्यानं जेवतात. काठी लागते. पण गल्ल्यावर बसतात, गिऱ्हाइकांशी वाद घालतात, आणि दुपारी तीनला माझ्याआधी दारात उभे असतात. ते तिथं मागं बसले आहेत. अहो, हात वर करू नका, पडाल.

आणि सासूबाई? त्या गेल्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत मला बेडूकच म्हणाल्या. त्यांच्या अखेरच्या दिवसांत त्यांना आंघोळीला मी उचलून नेत असे, आणि माझ्या मानेभोवती हात टाकून त्या माझे दंड चाचपून बघायच्या. एकदा म्हणाल्या, "घट्ट झालेत हं." एवढंच. पण आमच्या घरात कौतुक इतकंच करतात.

मला कुणी विचारलं की चुन-जाताई, कामाच्या रगाड्यात व्यायामाला वेळ कसा काढता, तर मला सांगता येत नाही. वेळ मी काढलाच नाही. सासूबाईंनी त्यांचा दिला, खानावळीच्या रात्रीतला थोडा कापला, गिऱ्हाइकांनी सोडून जाऊन थोडा दिला, आणि लोकांच्या बोलण्याकडं कान बंद करून थोडा मिळाला. कुणाचा तरी वेळ लागतोच. एकट्या माणसाच्या निश्चयानं हे होतं असं म्हणणाऱ्यांनी कधी घर चालवलेलं नसणार. म्हणून माझं मागणं इथल्या सगळ्या घरांना आहे. तुमच्या घरात जो खांब आहे, त्याला रोज एक तास मोकळा करून द्या. तो स्वतःहून मागणार नाही. व्यायामाला न जाण्याची त्याच्याजवळ फार चांगली आणि फार खरी कारणं असतील.

आता शेवटचं. गेल्या महिन्यात बाई निवृत्त होणार हे कळलं तेव्हा आम्ही सगळे काठावर बसलो होतो. मी विचारलं, "बाई, आता काय करणार?"

त्या म्हणाल्या, "पोहणार."

आम्ही हसलो. कू भाऊ म्हणाले, "आणि इतकी वर्षं काय केलंत?"

"उभी राहिले," बाई म्हणाल्या. "पोहलात तुम्ही."

पण ते खरं होतं. आम्ही आठवून पाहिलं. सकाळचा वर्ग, लगेच मुलांचा, मग आमचा, मग आज्यांचा, मग संध्याकाळचे. कंबरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून त्या कुणाचा तरी कोपर उचलतायत, कुणाची टाच धरतायत, काठावरून शिट्टी वाजवतायत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, स्वतःसाठी पोहताना त्यांना आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं. आमच्या सगळ्यांच्या तासांची काळजी वाहणाऱ्या बाईंना स्वतःचा तास नव्हता.

म्हणून मागच्या शुक्रवारी, त्यांच्या शेवटच्या तासाला, आमच्यातलं कुणीच पाण्यात उतरलं नाही. आम्ही टोप्या घालून काठावर ओळीनं उभे राहिलो. कू भाऊंनी बाईंच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली. बाई म्हणाल्या, "हा काय पोरकटपणा?" मावशी म्हणाल्या, "उतरा हो, पाणी निवतंय."

बाईंनी वरचा सदरा काढून घडी करून बाकावर ठेवला. थोडा वेळ पाण्याकडं बघत उभ्या राहिल्या. मग आवाज न करता आत गेल्या, आणि फार लांब जाऊन वर आल्या. एक खांदा त्यांचा पूर्ण वर येत नाही, ते मला तेव्हा दिसलं. आम्हाला शिकवतात तसा त्यांचा हात सरळ पडत नव्हता. तरी पाण्याला काही कळत नव्हतं, इतक्या हलक्या त्या जात होत्या. त्या टोकाला पोचल्या, वळल्या, आल्या. आम्हाला वाटलं थांबतील. थांबल्या नाहीत. पुन्हा गेल्या. पुन्हा आल्या. आम्ही टाळ्या वाजवायच्या ठरवल्या होत्या, पण कुणी वाजवल्या नाहीत.

इतक्यात पुढच्या वर्गाच्या आज्या अंग धुऊन, पोहण्याचे चष्मे लावून आमच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. त्यांची वेळ झाली होती, खरं तर होऊन गेली होती. त्यांच्यातल्या सगळ्यांत पुढच्या आजींनी माझा दंड ओढला आणि विचारलं, "बाई बाहेर कधी येणार गं?"

मी म्हटलं, "आजी, त्यांचं मन भरलं की."

आजींनी पाण्याकडं पाहिलं. मग काठावरच फतकल मारून बसल्या आणि बाकीच्यांना म्हणाल्या, "बसा गं. वेळ आहे."

अध्यक्ष महाराज, त्या दिवशी आज्यांचा वर्ग बराच उशिरा सुरू झाला आणि पुढचं सगळं वेळापत्रक कोलमडलं. तो अपराध आमच्या वर्गाचा आहे, गिलबाईंचा नाही. त्याची क्षमा आपण मोठ्या मनानं करावी. माझ्या बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाला शब्द लागला असेल, मावशींना तर नक्कीच लागला असेल, तेही पोटात घालावं. आपण हा समारंभ घडवून आणलात, नगरपालिकेच्या पाहुण्या आल्या, बाईंच्या मुलांनी आपली आई इतकी वर्षं आम्हाला वाटून दिली, त्या सर्वांचे मी मनापासून आभार मानते.

गिलबाई, वर्गाच्या वतीनं तुम्हाला नमस्कार. जा, पोहा.